उपकरणांचें वार्धक्य

नाशिकहून पश्चिमेस निघालेला रस्ता सावळघाटांतून पेठ तालुक्यांत शिरला कीं दोन्ही बाजूंस डोंगर आणि दऱ्या यांखेरीज फारसें कांहीं दिसत नाहीं. पावसाळ्यांत या मुलुखावर आभाळ कोसळतें. भाताचीं खाचरें तुडुंब भरतात, उतारांवर नागली आणि वरई डोलूं लागतात, आणि तें सारें पाणी दमणगंगा व पार या नद्यांच्या वाटेनें बघतां बघतां अरबी समुद्राला जाऊन मिळतें. फाल्गुन सरला कीं वाडी डोंगरावर आणि पाणी दरीच्या तळाशीं, अशी स्थिति होते. मधला चढ बायाबापड्यांनीं डोक्यावरील हंड्यांनीं मोजावयाचा, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. अनेक वाड्यांत तो अजूनहि सुटलेला नाहीं.

जेथें तो सुटला, तेथें कित्येक ठिकाणीं त्याचें श्रेय सूर्यावर चालणाऱ्या पंपाला द्यावें लागतें. वीज खांबांवरून डोंगर चढवून आणणें खर्चाचें आणि आणलेली वीज पावसाळी वाऱ्यांत टिकविणें त्याहून कठीण; पण ऊन मात्र एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पाण्याची नड सर्वांत मोठी असते नेमक्या त्याच वेळीं, मुबलक मिळतें. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ सालीं निघाली आणि महाराष्ट्र शासनाची ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ ही योजना २०२४ सालीं. या दुसऱ्या योजनेंत सामान्य शेतकऱ्यानें किंमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें पांच टक्के रक्कम भरावयाची आणि बाकीची शासनानें, असा नियम आहे. पंप बसविणाऱ्या कंपनीनें पांच वर्षें दुरुस्तीची जबाबदारी घ्यावयाची, हाहि एक नियम त्यांत आहे. या व्याख्यानाचा विषय सहाव्या वर्षीं सुरू होतो.

पहिल्या उन्हाळ्याचें चित्र असें कीं, सकाळीं न्याहारी आटोपते न आटोपते तोंच टाकींत पाणी पडण्याचा आवाज ऐकूं येतो. सहाव्या-सातव्या उन्हाळ्यांत तोच आवाज तासाभरानें उशिरां ऐकूं येऊं लागतो आणि संध्याकाळीं तासभर आधीं थांबतो. भर दुपारीं पाहावें तर पंप पूर्वींसारखाच जोरांत चालू. त्यामुळें पंप सांभाळणाऱ्या गड्याला कोड्यांत पडल्यासारखें होतें. बिघाड म्हणावा तर कांहीं मोडलेलें नाहीं. आणि सर्व ठीक म्हणावें तर टाकी भरत नाहीं. अखेर तो म्हणतो, ‘मोटार म्हातारी झाली.’ त्याचें निदान बरेंचसें खरें आहे. फक्त म्हातारें कोण झालें याबद्दल त्याची थोडी चूक होते.

प्रथम धुळीचा हिशेब चुकता केला पाहिजे. पॅनेलाच्या कांचेवर बसलेली धूळ आणि पांखरांची घाण यांमुळें शक्ति घटते, पण तें वार्धक्य नव्हे. तें अस्वच्छ तोंड होय. भल्या पहांटे पॅनेलें थंड असतांना साध्या पाण्यानें धुतलीं कीं तो भाग निघून जातो. तापलेल्या कांचेवर गार पाणी ओतूं नये, एवढेंच पथ्य. धुतल्यानंतरहि जी घट उरते ती वयाची. चांगल्या पॅनेलाची शक्ति दरवर्षीं साधारणपणें अर्धा टक्का किंवा त्याहून थोडी अधिक उतरते. बनविणारे कारखाने सामान्यतः पंचवीस वर्षांअखेर मूळ शक्तीच्या ८० टक्क्यांची हमी देत आले आहेत. पॅनेलांजवळ लोखंडी पेटींत जो कंट्रोलर असतो, त्यांतील कपॅसिटर मात्र याहून लौकर थकतात. पंख्याचा वेग मंदावला कीं दुकानदार ‘कंडेन्सर बदला’ म्हणतो, त्याच जातीची ही वस्तु. पातळ द्रव असलेल्या कपॅसिटराचें आयुष्य उष्णतेनें झपाट्यानें आटतें. दहा अंश कमी उष्णतेंत तो सुमारें दुप्पट टिकतो, असा जाणत्यांचा ढोबळ नियम आहे. असें असतां पुष्कळ ठिकाणीं ही पेटी भर उन्हांत खांबाला टांगलेली दिसते. तिच्यावर पत्र्याची एक पडवी घालावयास फारसे रुपये लागत नाहींत. परंतु तीहि घालण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, एकेक भाग थकत असतां पंप चालत राहतो तो कशाच्या बळावर? याचें उत्तर त्या पेटींतच आहे. सौर पॅनेलाचा स्वभाव मोठा चमत्कारिक. त्याच्या दोन्ही तारा एकमेकींस जोडल्या तर प्रवाह सर्वांत अधिक वाहतो, पण विद्युद्दाब शून्य. तारा मोकळ्या सोडल्या तर दाब सर्वांत अधिक, पण प्रवाह शून्य. शक्ति म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. तेव्हां दोन्ही टोकांस हातीं कांहींच लागत नाहीं. मध्यें कोठें तरी एक जागा अशी असते कीं जेथें हा गुणाकार सर्वांत मोठा होतो. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या माणसाची गोष्ट अशीच आहे. वाटीएवढा पोहरा घेतला तर तो झपाझप वर येतो, पण पाणी थोडें. भला मोठा घेतला तर तो जागचा हलत नाहीं. शहाणा माणूस मधलें माप शोधून काढतो. कंट्रोलर हेंच करतो. तो दाब किंचित् वाढवून पाहतो. शक्ति वाढली तर आणखी वाढवितो, घटली तर पाऊल मागें घेतो. ही चांचपणी सेकंदाला कित्येक वेळां, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, अखंड चालते.

या युक्तीची खरी गंमत पुढेंच आहे. ढग आला, पॅनेल तापलें, कांचेवर धूळ बसली किंवा वयपरत्वें शक्ति उतरली, यांपैकीं कशानेंहि तो सर्वोत्तम बिंदु सरकला तरी कंट्रोलर त्याच्या मागोमाग सरकतो. पॅनेलाचें वय त्याला ठाऊक नसतें आणि ठाऊक असण्याची गरजहि नसते. विहिरीवरचा माणूस म्हातारा झाला म्हणजे आपोआप थोडा लहान पोहरा घेतो. त्यासाठीं त्याला आपली जन्मपत्रिका पाहावी लागत नाहीं. मिळालेल्या शक्तीच्या मानानें कंट्रोलर मोटारीचा वेगहि कमीजास्त करतो. त्यामुळें ऊन कमी असलें तरी पंप बंद न पडतां सावकाश चालत राहतो.

सपाट मुलुखांत गोष्ट येथेंच संपली असती. नदीकांठच्या मळ्यांत, चार पुरुष खोल विहिरीवर, पंपाचा वेग दहा टक्क्यांनीं उतरला तर पाणीहि साधारण त्याच मानानें कमी मिळतें, आणि शेतकरी अर्धा तास जास्त पंप चालवून तें भरून काढतो. पेठेच्या डोंगरांत हा हिशेब चालत नाहीं. पंपाचें गणित असें आहे कीं, वेग कमी झाला तर पाणी त्याच प्रमाणांत घटतें, पाणी चढविण्याची उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते आणि लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत. उदाहरणासाठीं असें धरावें कीं एक पंप पूर्ण वेगानें फार तर १०० मीटर उंच पाणी ढकलूं शकतो आणि वाडीची टाकी दरींतील पाण्यापासून ६४ मीटर उंचीवर आहे. वेग ८० टक्क्यांवर आला कीं ढकलण्याची उंची ८० टक्क्यांच्या ८० टक्के, म्हणजे बरोबर ६४ मीटर होते. पाणी नळींतून टाकीच्या तोंडापर्यंत येऊन उभें राहतें आणि टाकींत मात्र थेंबहि पडत नाहीं. मोटार फिरते आहे, आवाज येतो आहे, कंट्रोलरचा दिवा हिरवा आहे, आणि बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या आहेत.

या वेगास लागणारी शक्ति घनाच्या नियमानें सुमारें ५१ टक्के येते. पॅनेलांची पूर्ण शक्ति आणि पंपाची पूर्ण भूक सारखी धरली, तर नव्या पॅनेलांना एवढी शक्ति देण्यास भर दुपारच्या उन्हाच्या ५१ टक्के ऊन पुरेल. दहा टक्के शक्ति गमावलेल्या पॅनेलांना सुमारें ५७ टक्के लागेल. सकाळचें ऊन ५१ टक्क्यांवरून ५७ वर चढेपर्यंत वाडी वाट पाहते, आणि संध्याकाळीं तेंच उलट होतें. ढगाळ दिवशीं ऊन त्या मर्यादेपर्यंत चढलेंच नाहीं तर सबंध दिवस कोरडा जातो. सात-आठ मीटर चढ असलेल्या मळ्यांत जी घट कोणाच्या ध्यानांतहि येणार नाहीं, तीच घट डोंगरावरील वाडीला दिवसाच्या दोन्ही टोकांकडून कुरतडते. दुपारीं फरक दिसत नाहीं, कारण पॅनेलें मुळांतच थोडीं जास्त बसविलेलीं असतात. तीन अश्वशक्ति म्हणजे २,२३८ वॉट. तेवढ्या पंपास साधारणपणें ३,००० वॉटांचीं पॅनेलें देतात. हा जो वरचा साठा, तीच त्या पंपाच्या म्हातारपणाची पुंजी.

दुसरी एक अडचण याहून सूक्ष्म आहे. विहीर आटली असतां पंप कोरडा फिरूं नये म्हणून कंट्रोलरमध्यें एक पहारेकरी असतो. पाण्यांत बुडवावयाच्या मोटारीचे आंतील भाग पाण्यानेंच थंड राहतात. ती कोरडी फिरली कीं थोड्या वेळांत जळण्याची भीति. कोरडा पंप कमी शक्ति खातो, या खुणेवरून पहारेकरी तो ओळखतो व बंद करतो. आतां ज्या कंट्रोलरमध्यें ही खूण एका ठराविक आंकड्याशीं बांधलेली असते, तेथें पॅनेलें थकलीं म्हणजे घोटाळा होऊं शकतो. विहिरींत पाणी आहे, पण सकाळच्या कोंवळ्या उन्हांत थकलेल्या पॅनेलांकडून शक्तीच कमी येते आहे; पहारेकऱ्याला वाटतें विहीर आटली, आणि तो पंप थांबवितो. गड्यानें कळ पुन्हां दाबावी, पहारेकऱ्यानें पुन्हां थांबवावें, असा खेळ तासभर चालतो.

अशा वेळीं तो आंकडा खालीं आणणें, म्हणजे उपकरणाची मांडणी त्याच्या वयाला जुळवून घेणें, हाच योग्य उपाय होय. परंतु तो किती खालीं आणावा? वैतागलेला कारागीर पुष्कळदां तो इतका खालीं आणतो कीं पहारेकरी जागा असून नसल्यासारखा होतो. पुढें मे महिन्यांत विहीर खरोखरच आटते, पंप कोरडा फिरतो आणि मोटार जळते. मग ऐन टंचाईंत नवी मोटार घाट चढून यावयाची. एका आंकड्याच्या अदमासावर वाडीचा सबंध उन्हाळा लटकलेला असतो. अदमासाच्या जागीं माप असतें तर हें टळलें असतें.

माप कसें आणि कशाशीं घ्यावयाचें, हा प्रश्न पेठेचा एकटीचा नाहीं. ज्या माध्यमांतून हें व्याख्यान ऐकूं येत आहे त्याचा जन्मच या प्रश्नांत झाला. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळच्या रेडिओंत कांचेचे व्हॉल्व्ह असत आणि वीज न पोंचलेल्या गांवीं ते बॅटऱ्यांवर चालत. मोठी बॅटरी नव्वद किंवा एकशेवीस व्होल्टांची. तिच्याखेरीज नऊ व्होल्टांची एक धाकटी बॅटरी निराळी असे. तिचें काम व्हॉल्व्हला लगाम घालण्याचें. तिच्या अंगावर दीड-दीड व्होल्टाच्या अंतरानें भोंकें असत. मोठी बॅटरी महिन्यामागून महिना उतरत गेली कीं तोच लगाम जास्त घट्ट होई व आवाज चिरकूं लागे. मग रेडिओ बंद करून धाकट्या बॅटरीची कडी एक भोंक खालीं सरकवावयाची, अशी सूचना यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत असे. रेडिओ चालू ठेवून कडी उपटली तर लगामच सुटे आणि महागाचा व्हॉल्व्ह खराब होण्याची धास्ती असे. पुढें लगामाचा दाब यंत्रांतून वाहणाऱ्या प्रवाहापासूनच उत्पन्न करण्याची युक्ति निघाली. बॅटरी उतरली कीं प्रवाह कमी, प्रवाह कमी झाला कीं लगाम आपोआप सैल. भोंकेंहि गेलीं आणि ती धाकटी बॅटरीहि गेली.

मुंबई केंद्र सुरू झाल्यास पुरते पंधरा दिवसहि झाले नव्हते, तोंच सातासमुद्रांपलीकडे या विषयांतील सर्वांत मोठी गोष्ट घडली. हॅरॉल्ड ब्लॅक नांवाचा एकोणतीस वर्षांचा इंजिनिअर न्यूयॉर्क येथें टेलिफोनच्या कामावर होता. दूरच्या टेलिफोनसाठीं वाटेंत जागोजागीं आवाज वाढविणारीं यंत्रें लागत आणि प्रत्येकांतील व्हॉल्व्ह आपापल्या गतीनें म्हातारा होई. ब्लॅकनें आधीं काढलेल्या एका रचनेंत तर दर तासाला, रात्रंदिवस, कोणीं तरी व्हॉल्व्हच्या तारेचा प्रवाह हातानें जुळवून घ्यावा लागे. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळीं हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेवर त्याला नवी कल्पना सुचली, आणि हातांतील वर्तमानपत्राच्या पानावरच त्यानें ती मांडली.

कल्पना वरकरणी उधळेपणाची आहे. आवाज शंभर पट वाढवावयाचा असेल तर यंत्र दहा हजार पटींचें बांधावें, आणि बाहेर पडलेल्या आवाजाचा शंभरावा हिस्सा उलटा फिरवून पुन्हां तोंडाशीं आणून वजा करावा. हिशेब केला तर वाढ सुमारें ९९ पट येते. आतां व्हॉल्व्ह थकून दहा हजाराचे पांच हजार झाले, म्हणजे यंत्राचा निम्मा जोर गेला, तरी वाढ ९८ पट उरते! निम्मी शक्ति गेली आणि परिणामांत फरक एका टक्क्याचा. जास्त कमवावें, बहुतेक सारें गहाण टाकावें आणि त्याच्या मोबदल्यांत स्थिरता विकत घ्यावी, असा हा व्यवहार. तो इतका विपरीत वाटला कीं अमेरिकेंत ब्लॅकला त्याचें पेटंट मिळावयास १९३७ चा डिसेंबर उजाडावा लागला. आज क्वचितच एखादें ध्वनियंत्र असें असेल कीं ज्यांत ही युक्ति नाहीं.

परंतु ब्लॅकच्या युक्तींतहि एक वस्तु न बदलणारी असावी लागते: जो शंभरावा हिस्सा मागें आणावयाचा, तो मोजणारा भाग. तोच सरकला तर सारें सरकतें. म्हणून अशा भागाला साधे, टिकाऊ आणि न थकणारे रोधक वापरतात.

पुण्याहून नाशिककडे येणाऱ्या रस्त्यावर नारायणगांव लागतें. तेथून जवळच खोडद येथें गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या पंचवीस किलोमीटरांच्या मुलुखांत पसरल्या आहेत. प्रत्येक थाळीच्या तोंडाशीं अतिक्षीण लहरी वाढविणारीं यंत्रें आहेत. कोणतें आज बसविलेलें, कोणतें जुनें, कोणतें उन्हानें तापलेलें. या तीस यंत्रांना एकसारखें ठेवण्याची धडपड करण्यापेक्षां शास्त्रज्ञ निराळी वाट धरतात. अवलोकन चालू असतां मधून मधून साऱ्या थाळ्या आकाशांतील एखाद्या परिचित रेडिओ-उगमाकडे वळवितात, कीं ज्याचें तेज आधींपासून मोजून ठेविलेलें आहे. ‘३सी ४८’ हें अशांपैकीं एक नांव. ज्या थाळीनें तें कमी दाखविलें तिच्या आंकड्यांना तितक्या पटीनें वाढवावयाचें, जिनें जास्त दाखविलें तिच्या आंकड्यांना तितकें कमी करावयाचें. कोट्यवधि प्रकाशवर्षांपलीकडील तो बिंदु या तीसहि यंत्रांचा शेर आणि मापटें आहे.

वाडीच्या पंपालाहि असा एक बिंदु मिळूं शकतो. टाकीची उंची बदलत नाहीं. दोनशें लिटरचें पिंप बदलत नाहीं. निरभ्र दिवशीं ठराविक तारखेला बारा वाजतांचें ऊनहि वर्षानुवर्षें फारसें बदलत नाहीं. आदल्या दिवशीं पॅनेलें धुवून ठेवावीं. विहिरींतील पाण्याची पातळी दोरीनें मोजावी. सकाळीं टाकींत पहिलें पाणी केव्हां पडलें आणि दुपारीं पिंप किती मिनिटांत भरलें, हे आंकडे कंट्रोलरच्या पेटीच्या दाराच्या आंतल्या बाजूस रंगानें लिहावे. तारीख इंग्रजी धरावी. होळी किंवा पाडवा धरला तर तिथि महिनाभर मागेंपुढें सरकते आणि सूर्य तिच्याबरोबर सरकत नाहीं. पहारेकऱ्याचा आंकडाहि याच दिवशीं, विहिरींत पाणी आहे याची खात्री असतांना, तपासावा. अर्थात् तो बदलणें मात्र जाणत्या कारागिराचें काम.

असें लिहून ठेवण्याची गरज एका विशेष कारणासाठीं आहे. आपलें वय आपण भरून काढणारें उपकरण तें वय लपवूनहि ठेवतें. रस्त्यावरील नव्या दिव्यांचें उदाहरण घ्यावें. एल.ई.डी. दिवा फुटत नाहीं, मंद होत जातो. त्याचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर आला म्हणजे त्याचें आयुष्य संपलें असें मानण्याचा प्रघात आहे. कांहीं दिव्यांत अशी सोय असते कीं आरंभीं त्यांस मुद्दाम कमी प्रवाह द्यावयाचा आणि वर्षें लोटतील तसा तो वाढवीत न्यावयाचा, म्हणजे रस्त्यावर उजेड सदा सारखा. सोय उत्तम खरी. परंतु प्रवाह वाढविण्याची मर्यादा संपली कीं तोंवर सारखा दिसणारा दिवा तेथून पुढें मंदावूं लागतो, आणि नगरपालिकेला तो अचानक बिघडला असें वाटतें.

मोबाइलच्या बाबतींत तर यावरून जगभर ओरड झाली. जुन्या बॅटरीला एकाएकीं जास्त ओझें झेपत नाहीं व फोन मध्येंच बंद पडतो, म्हणून ॲपल कंपनीनें आपल्या जुन्या फोनांचा वेग गुपचूप कमी करण्याची योजना केली. तांत्रिक दृष्ट्या ती सर्वथा समर्थनीय होती. मालकाला सांगितलें नाहीं एवढाच दोष. लोकांना वाटलें फोन निरुपयोगी झाला, आणि नुसती बॅटरी बदलून भागलें असतें तेथें त्यांनीं नवे फोन घेतले. २०१७ च्या डिसेंबरांत कंपनीला माफी मागावी लागली, बॅटरी बदलण्याची किंमत उतरवावी लागली, आणि २०२० सालीं फ्रान्समध्यें अडीच कोटि युरोंचा दंड भरावा लागला.

उलट ज्यांनीं वय उघड मानलें त्यांचें यंत्र कोठवर जातें तें ‘व्हॉयेजर’ यानांवरून दिसतें. १९७७ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या या दोन यानांची वीज किरणोत्सर्गी धातूच्या उष्णतेपासून येते आणि दरवर्षीं सुमारें चार वॉटांनीं घटते. त्यांवरून येणाऱ्या आंकड्यांत ही घट स्पष्ट दिसते, म्हणून कोणता तापक बंद करावयाचा आणि कोणतें यंत्र चालू ठेवावयाचें हें पृथ्वीवर बसून आधींच ठरवितां येतें. २०२३ सालीं दुसऱ्या यानावर असा प्रसंग आला कीं एक शास्त्रीय उपकरण बंद करावें लागणार. तेव्हां विद्युद्दाब हेलकावला तर उपयोगीं पडावी म्हणून बाजूस ठेविलेली थोडी राखीव वीज जाणूनबुजून वापरावयास काढली. घरांतील मोडीची पेटी कधीं उघडावी, याचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेतला गेला.

पेठेच्या डोंगरांतील पंपाची राखीव पुंजी केव्हां संपेल हें दारावरच्या आंकड्यांवरून एक-दोन उन्हाळे आधीं कळूं शकतें. पहिल्या पाण्याची वेळ पुढें पुढें जाऊं लागली असून दुपारच्या पिंपाची मिनिटें तींच असली, तर साठा अजून शिल्लक आहे. दुपारचीं मिनिटेंहि वाढूं लागलीं, तर तो संपला. विहिरीची पातळी आणि पॅनेलांचा धुतलेपणा तेच असून हें घडलें तरच दोष वयाचा.

तेव्हां पॅनेलें वाढविण्याची वेळ आली, आणि येथें एक चूक फार वेळां होते. जुन्या पॅनेलांच्या एकाच माळेंत एखादें नवें पॅनेल ओंवतात. माळेंतून प्रवाह एकच वाहतो आणि तो सर्वांत अशक्त पॅनेलापेक्षां फारसा वाढत नाहीं. जुन्या बैलांच्या जूंत एक तरणा बैल जुंपल्यासारखें तें होतें. शिवाय माळ लांबली कीं दाब वाढतो, आणि सकाळच्या गारव्यांत, जेव्हां पॅनेलांचा दाब सर्वांत अधिक असतो, तो कंट्रोलरच्या मर्यादेबाहेर गेला तर पेटीच जळते. जुन्या माळेशेजारीं तितक्याच पॅनेलांची दुसरी स्वतंत्र माळ समांतर जोडणें, आणि तत्पूर्वीं कंट्रोलरवर कोरलेली दाबाची व प्रवाहाची मर्यादा वाचून पाहणें, हा बिनधोक मार्ग. खर्च अधिक खरा. पण नवी मोटार विकत घेण्याहून तो पुष्कळदां कमी पडतो, कारण मोटार मुळांत म्हातारी झालेलीच नसते.

जोडणी झाली कीं दारावरचे जुने आंकडे पुसूं नयेत. त्यांच्या खालीं नवी तारीख घालावी, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणा पोराला टाकीजवळ घड्याळ देऊन बसवावें.